बांध नसलेलं शिवार : लॅक्सटन गाव कसं वाचावं

इंग्लंडच्या नॉटिंगहॅमशायर काउंटीत लॅक्सटन नावाचं छोटं गाव आहे. तिथे एका शेतकऱ्याचा गहू संपतो आणि लगेच दुसऱ्याचा सुरू होतो. मध्ये बांध नाही, तार नाही, साधी वईसुद्धा नाही. बांध कोरला म्हणून सख्खे भाऊ तालुक्याच्या कोर्टात उभे राहिलेले आपण पाहिलेत, त्यामुळे पहिला प्रश्न मनात येतो तो हाच : इथे भांडणं होत नाहीत का? होतात. ती मिटवायला गावाचं स्वतःचं न्यायालय आहे आणि ते दरवर्षी पबमध्ये बसतं.

कामानिमित्त इंग्लंडात आलेल्या, नॉटिंगहॅम, लेस्टर, शेफिल्ड, लिंकनकडे राहणाऱ्या आणि ‘इथलं खेडं एकदा नीट बघायचंय’ म्हणणाऱ्यांसाठी हे लिहितोय. बहुतेक जण कॉट्सवोल्ड्सला जातात, दगडी घरांसमोर फोटो काढतात, चहा-स्कोन खाऊन परत येतात. छान दिवस जातो, माझी तक्रार नाही. पण पहिलं खेडं म्हणून लॅक्सटन घ्या. वावर, पड, गायरान, कोंडवाडा हे शब्द ज्याच्या कानावरून गेलेत त्याला हे गाव लंडनच्या माणसापेक्षा लवकर उलगडतं. आणि इथे हात बसला की हीच रीत दुसऱ्या कुठल्याही गावाला लावता येते.

निघण्याआधी घरबसल्या तासभर

स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर इंग्लंडचेही ऑर्डनन्स सर्व्हेचे, म्हणजे सरकारी मोजणी खात्याचे, जुने नकाशे फुकट बघता येतात. आजच्या नकाशावर जुना नकाशा ठेवून मागेपुढे करता येतो. लॅक्सटन शोधा आणि गावाभोवतीच्या रिकाम्या पांढऱ्या जागा बघा. शेजारच्या गावांत जिथे कुंपणांच्या रेघांचं जाळं दिसतं, तिथे इथे मोठमोठे मोकळे तुकडे दिसतील. गावाची गोम तिथेच आहे.

मग नाव. ‘टन’ने संपणारी गावं अँग्लो-सॅक्सन वस्त्या, ‘बी’ आणि ‘थॉर्प’ने संपणारी डॅनिश लोकांनी वसवलेली किंवा नाव बदललेली. लॅक्सटनच्या जवळच बिल्सथॉर्प आहे. म्हणजे दोन भाषा बोलणारी माणसं हजार वर्षांपूर्वी या टापूत शेजारी शेजारी नांदत होती, हे पाट्यांवरूनच कळतं.

तिसरं काम डूम्सडे बुकातली नोंद काढायचं. १०६६ मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकलं आणि १०८६ मध्ये गावोगाव माणसं पाठवून लिहून घेतलं : जमीन आधी कोणाची, आता कोणाची, नांगर किती, गिरणी आहे का, रान किती, उत्पन्न किती. सातबाऱ्याची खापरपणजी म्हणा. लॅक्सटनच्या नोंदीत टोकी नावाच्या जुन्या धन्याकडून जमीन जॉफ्री आल्सेलिन या नॉर्मनाकडे गेलेली दिसते. एका ओळीचा फेरफार, पण त्यामागे देश जिंकला गेलाय. ही नोंद आता इंटरनेटवर इंग्रजी भाषांतरासह मोफत मिळते.

जायचं कसं? लंडनच्या किंग्ज क्रॉसहून न्यूअर्क नॉर्थगेटला रेल्वे आहे; तिथून पुढे गाडीच बरी. बसवर विसंबून जाऊ नका, खेड्यातली बस चुकली की दिवस गेला. आणि गमबूट न्या. इथली माती लाल चिकणमाती आहे. मी पहिल्यांदा फेब्रुवारीत साध्या स्पोर्ट्स शूजवर गेलो होतो. शंभर पावलांत प्रत्येक बुटाखाली इंचभर जाडीचा लाल तळवा तयार झाला, आणि पुढे मी गुढघे उचलून उचलून चाललो.

आधी रस्त्यावर उभे राहा

गाडी लावल्यावर लगेच शेताकडे पळू नका. मुख्य रस्त्याने या टोकापासून त्या टोकापर्यंत चाला. लाल विटांची, कौलारू घरं दिसतील आणि त्यातली बरीचशी रस्त्याला तोंड करून नाहीत. कूस रस्त्याकडे आणि दार आवाराच्या आत. शेजारी गोठे, धान्याची कोठारं. प्रत्येक घरामागे लांबट, अरुंद परडं मागे मागे गेलेलं.

यात विशेष काय, असं आपल्याला वाटेल, कारण आपल्याकडे शेतकऱ्याचं घर गावठाणातच असतं. इंग्लंडात मात्र हे दुर्मीळ आहे. तिथे शेतकऱ्याचा वाडा सहसा शिवारात एकटा उभा असतो, भोवती त्याचीच सलग जमीन. हे चित्र मुळातलं नाही. मध्य इंग्लंडातली बहुतेक गावं एके काळी लॅक्सटनसारखीच होती : घरं गावात, जमीन तुकड्या-तुकड्यांत सगळ्या शिवारभर. मग कुंपणबंदी आली. १६०४ ते १९१४ या काळात पार्लमेंटने ५,२०० हून जास्त कायदे करून सुमारे ६८ लाख एकर जमीन कुंपणात घातली. इंग्लंडच्या क्षेत्रफळाचा पाचवा हिस्सा. विखुरलेले तुकडे एकत्र झाले, गायरानं गेली, आणि ज्यांची गुजराण गायरानावर होती ते मजूर झाले किंवा शहराकडे गेले. आज आपल्याला ‘टिपिकल इंग्लिश’ वाटणारी ती हिरव्या कुंपणांची चौकट त्यातलीच बरीचशी.

लॅक्सटनला हे का घडलं नाही? थोडंफार घडलंच, अठराव्या शतकात काही भाग कुंपणात गेला. पण पार्लमेंटचा कायदा इथे कधी झाला नाही. गावात दोन मोठे जमीनदार होते, थोर्सबीच्या वाड्याचे अर्ल मॅनव्हर्स आणि अर्ल ऑफ स्कारबरो (अर्ल म्हणजे उमराव), आणि त्यांचं वाटणीवर जमलं नाही, हे एक कारण सांगतात. दोन भाऊबंदांचं पटलं नाही म्हणून वाडा शाबूत राहिला, असला हा प्रकार.

आता शिवार

इथे घाई करू नका, निम्मा दिवस ठेवा. तीन मोकळी शिवारं आहेत : वेस्ट फील्ड, साउथ फील्ड आणि मिल फील्ड. प्रत्येक शेतकऱ्याचे पट्टे तिन्हींत विखुरलेले. एका वर्षी एका शिवारात सगळ्यांनी हिवाळी गहू पेरायचा, दुसऱ्यात वसंतातलं पीक, तिसरं पड. पुढच्या वर्षी चक्र एक घर पुढे. कोणी म्हणालं की मला यंदा गव्हाच्या शिवारात दुसरंच काही करायचंय, तर चालत नाही. पड सगळ्यांची एकदम पडते.

विखुरलेले पट्टे म्हटल्यावर आपल्याला तुकडेबंदीचा कायदा आठवतो आणि हा गैरव्यवस्थेचा नमुना वाटतो. पण उतारावर उभं राहून बघा. वरची जमीन लवकर वाळते, खालच्या बाजूला पाणी साचतं, मध्ये बरी माती. सगळ्यांना थोडी चांगली, थोडी वाईट. एका बाजूला पाणी लागून पीक गेलं तरी कुणाचंही सगळं जात नाही.

पट्टा लांब आणि अरुंद का, हेही इथेच समजतं. बैलांचं औत लांबलचक, ते वळवणं जिकिरीचं. म्हणून एकदा तास धरलं की लांबपर्यंत न्यायचं. त्या तासाची लांबी म्हणजे फर्लांग, ६६० फूट. रुंदी ६६ फूट घेतली की झाला एक एकर. आता आपल्या मोजणीच्या खात्यातली ३३ फुटांची शंकू साखळी आठवा. एक साखळी लांब, एक साखळी रुंद म्हणजे गुंठा. एकर म्हणजे लांबीला २० साखळ्या, रुंदीला २. वीस दुणे चाळीस, म्हणून ४० गुंठे. मला शाळेत ‘४० गुंठे म्हणजे एक एकर’ पाठ करायला लावलं होतं, पण का, ते कुणी सांगितलं नव्हतं. ते इंग्रज बैलाच्या दमात मोजलेलं आहे, हे मला इथल्या चिखलात उभं राहून कळलं.

अर्थात आजचे पट्टे एकेका एकराचे नाहीत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जमीनदाराने बरेच तुकडे जोडून मोठे केले, आणि आता ट्रॅक्टर, कंबाइन सगळं चालतं. हे संग्रहालय समजून गेलात तर निराश व्हाल. इथे शेतकरी गव्हाच्या भावाबद्दल कुरकुरतात, जसे सगळीकडचे.

चालताना पट्ट्यांच्या मधल्या खोलगट जागी गवताच्या पट्ट्या दिसतील. त्यांना साइक म्हणतात. ओल जास्त, नांगर चालत नाही म्हणून कधीच न नांगरलेल्या. जूनमध्ये त्यांत इतकी रानफुलं असतात की शेताकडे लक्षच जात नाही. उन्हाळ्यात या गवताचा लिलाव होतो. फुलं तोडू नका, या पट्ट्या कायद्याने संरक्षित आहेत.

वाटेचा नियम : पिवळा बाण म्हणजे पायवाट, निळा म्हणजे घोडा आणि सायकललाही मुभा. पायवाट उभ्या पिकातून गेली असेल तरी तुमचा हक्क आहे, बिनधास्त जा, फक्त एकामागोमाग एक चाला. वाटेबाहेर मात्र पाऊल नाही. फाटक उघडं दिसलं तर उघडं ठेवा, बंद असेल तर बंद करा.

पबमधलं न्यायालय

गावाच्या मध्यावर डव्हकोट इन हा पब आहे. त्याच्या आवारातच गावाच्या शेतीची माहिती देणारं छोटं केंद्र आहे. निघण्याआधी ते उघडं आहे का विचारा.

आता सुरुवातीचा प्रश्न : बांध नसताना हद्द कोण सांभाळतं? नोव्हेंबरच्या शेवटी ज्युरी डे असतो. गावातलेच शेतकरी पंच म्हणून नेमलेले असतात. ते नुकत्याच गहू पेरलेल्या शिवारात फिरतात आणि पट्टा न् पट्टा तपासतात. कोणी शेजाऱ्याच्या हद्दीत फाळ घातलाय का, कोणी साइकचा काठ खाल्लाय का, कोणी औत वळवायची वाट नांगरून टाकलीय का. हद्दीवर खुंट्या ठोकतात. मग जेवण, आणि जेवणानंतर गुन्ह्यांची यादी. साधारण आठवड्याने, डिसेंबरच्या सुरुवातीला, गावाचं न्यायालय म्हणजे कोर्ट लीट भरतं. तिथे यादी वाचली जाते, दंड ठरतो आणि पुढच्या वर्षाचे पंच नेमले जातात. १९७७ च्या कायद्याने देशातल्या जुन्या मॅनर, म्हणजे जमीनदारीच्या, न्यायालयांचे अधिकार बहुतेक काढून घेतले, पण लॅक्सटनच्या कोर्टाचा शिवाराच्या कारभारापुरता अधिकार त्यात राखून ठेवला.

दंड मोठा नसतो. त्याचा खरा चटका असा की यादी सगळ्यांसमोर वाचली जाते, आणि वाचणारा शेजारी उद्या सकाळी तुमच्या शेजारच्या पट्ट्यावर असतो. शिवाय यंदाचा पंच पुढच्या वर्षी आरोपी असू शकतो, त्यामुळे जीभ सगळेच जपून वापरतात. आपल्याकडचे बांधाचे दावे तीन-तीन पिढ्या चालतात ते आठवून मी तिथे जरा गप्पच झालो.

जुन्या काळी या कोर्टाचा एक हुद्देदार भटक्या जनावरांना पकडून कोंडवाड्यात घालायचा. त्याला पिंडर म्हणतात. ‘कोंडवाडा’ हा शब्द आहे म्हटल्यावर आपल्याला जास्त समजावून सांगायची गरज नाही. पुण्या-मुंबईत वाढलेल्या माझ्या पुतण्याला मात्र दोन्ही शब्द समजावावे लागले.

गढी आणि चर्च

गावाच्या उत्तरेला पायवाटेने गेलं की माती ओढून रचलेला उंच ढिगारा आणि भोवती खंदकासकट आवार दिसतं. नॉर्मन काळातली गढी. भिंत एकही नाही, गवत आणि मेंढ्या. शेरवुडच्या राखीव जंगलाचे रखवालदार असलेली घराणी इथे राहायची. वर चढून मागे वळलात की गाव, परडी आणि शिवार एका नजरेत येतं, तेवढ्यासाठीच चढा.

सेंट मायकेलचं चर्च १८५९-६० मध्ये अर्ल मॅनव्हर्सने बरंचसं पाडून लहान करून पुन्हा बांधलं. आत एव्हरिंगहॅम घराण्याच्या समाधीमूर्ती आहेत. त्यात एका स्त्रीची मूर्ती दगडाची नसून ओकच्या लाकडाची आहे, चौदाव्या शतकातली. सहाशे वर्षांच्या ओलीत लाकूड टिकलंय, थांबून बघा. बाहेर पडताना पेटीत दोन पौंड टाका, छपराची डागडुजी त्यातूनच होते. पहिल्या महायुद्धात गेलेल्यांच्या नावांचा फलक इथल्या जवळजवळ प्रत्येक गावात असतो. त्यात एकच आडनाव दोनदा-तीनदा आलं तर समजा की घर बसलं.

माणसांशी बोलताना

सगळ्यात अवघड भाग. पहिली अडचण संबोधनाची. सत्तरीतल्या शेतकऱ्याला आपली जीभ काका म्हणायला बघते आणि तो पहिल्याच मिनिटाला फक्त आपलं पहिलं नाव सांगतो. त्याच नावाने हाक मारा. मिस्टर लावलंत तर त्यालाच अवघडल्यासारखं होतं. मला सवय व्हायला वर्ष लागलं; अजूनही मनातल्या मनात मी अहो-जाहोच करतो.

दुसरं, ‘तुमची किती एकर?’ हे विचारू नका. आपल्याकडे एसटीत शेजारी बसलेला माणूसही हे विचारतो. इथे ते बँकेत किती शिल्लक आहे विचारल्यासारखं आहे. शिवाय लॅक्सटनचे शेतकरी कुळं आहेत, मालक नाहीत. अर्ल मॅनव्हर्सने गाव १९५२ मध्ये कृषी मंत्रालयाला विकलं, ही शेतीपद्धत टिकावी म्हणून. १९८१ मध्ये ते राजसत्तेच्या मालमत्ता सांभाळणाऱ्या क्राउन इस्टेटकडे गेलं आणि २०२० मध्ये थोर्सबीच्या इस्टेटीने ते परत घेतलं. म्हणजे फिरून जुन्याच वाड्याकडे. या विक्रीबद्दल गावात वेगवेगळी मतं ऐकायला मिळतील. ऐका, बाजू घेऊ नका.

बोलायला सुरुवात हवामानाने करा, मग पेरणी, मग यंदा पड कुठल्या शिवारात आहे. तिसऱ्या प्रश्नाला माणूस खुलतो, कारण पर्यटक हा प्रश्न विचारत नाहीत. पबमध्ये कुणी तुमच्यासाठी पेय घेतलं तर पुढचा राउंड तुमचा. दारू पीत नसाल तर लिंबू-सोडा घ्या, पण राउंड चुकवू नका. गाव लक्षात ठेवतं.

तुम्ही खेड्यातच राहायला आला असाल, लॅक्सटन नसो दुसरं कुठलंही, तर तीन जागा धरा. एक, पॅरिश कौन्सिल. १८९४ च्या कायद्याने आलेली ही आपल्या ग्रामपंचायतीची धाकटी बहीण. अधिकार बेताचे, पण पायवाटा, बाकडी, नवीन बांधकामांवरचं मत हे सगळं तिथे येतं. सभा लोकांना खुली असते, तारीख फलकावर लागते. पहिल्या दोन सभांत मागे बसून फक्त ऐका. दोन, व्हिलेज हॉल : क्विझ, सुगीचं जेवण, वूमेन्स इन्स्टिट्यूटची बैठक. तिथे ‘खुर्च्या लावायला येऊ का’ हे वाक्य ओळखपत्राचं काम करतं. नंतर उचलायलाही थांबा. तीन, चर्चच्या घंटा. घंटा वाजवणाऱ्यांना माणसांची नेहमी टंचाई असते, आणि अनेक ठिकाणी धर्म विचारत नाहीत. दोर ओढायचा आणि आकडे लक्षात ठेवायचे. ढोल-ताशा पथकात वाजवलेल्यांना ताल पटकन सापडतो.

कागदांत शिरायचं असेल तर

लॅक्सटनचा दागिना म्हणजे १६३५ चा नकाशा. लंडनचा व्यापारी सर विल्यम कोर्टन याने गाव विकत घेतल्यावर मार्क पिअर्स या मोजणीदाराकडून करून घेतलेला. प्रत्येक पट्टा त्यात दाखवलाय आणि सोबतच्या वहीत पट्ट्यावार कुळाचं नाव. शिवाय रिकाम्या जागी नांगरणारी, कापणी करणारी, शिकार करणारी छोटी छोटी माणसं काढलीत. मूळ नकाशा ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे. मॅनव्हर्स घराण्याचे कागद नॉटिंगहॅम विद्यापीठाच्या हस्तलिखित विभागात आहेत. आधी वेळ ठरवून कुणालाही बघता येतात.

दोन खड्डे सांगून ठेवतो. त्या काळचं हस्ताक्षर आजच्या इंग्रजीपासून मोडी देवनागरीपासून असते तितकं लांब वाटतं. राष्ट्रीय अभिलेखागाराचा ऑनलाइन मोफत सराववर्ग आहे, आधी तो करा. १७३३ पर्यंतचे न्यायालयाचे कागद बहुधा लॅटिनमध्ये असतात. दुसरा खड्डा जास्त फसवा : १७५२ च्या आधी इंग्लंडात नवं वर्ष २५ मार्चला लागायचं. म्हणून जुन्या कागदावरचा फेब्रुवारी १६३५ म्हणजे आपल्या हिशेबाने फेब्रुवारी १६३६. हे माहीत नव्हतं तेव्हा मी एका घराण्याची वंशावळ लिहून काढली होती आणि त्यात मुलाचा बाप्तिस्मा आईबापांच्या लग्नाच्या दोन महिने आधी येत होता. बिचाऱ्यांवर मी उगाच संशय घेतला.

चर्चच्या बाप्तिस्मा-लग्न-दफनाच्या वह्या १५३८ पासून ठेवायला सुरुवात झाली. जनगणनेत घरोघरची नावं १८४१ पासून मिळतात आणि सध्या १९२१ पर्यंतची खुली आहेत. १९३१ ची शोधत बसू नका, ती १९४२ मध्ये आगीत गेली.

एक दिवस उरला तर

गावाच्या हद्दीतच राष्ट्रीय होलोकॉस्ट केंद्र आणि संग्रहालय आहे, १९९५ मध्ये सुरू झालेलं. मध्ययुगीन शेतं पाहून लगेच तिथे जाऊ नका. दोन्ही एका दुपारी मावत नाहीत. वेगळा दिवस ठेवा. जवळच्या वेलो गावात हिरवळीवर मेपोल नावाचा उंच खांब कायमचा उभा आहे, मे महिन्यात त्याभोवती मुलं नाचतात. साउथवेलला १८२४ चं गरीबखाना म्हणजे वर्कहाउस जतन केलंय. कुंपणबंदीच्या काळात देशभर जमिनीवरून उठलेली माणसं पुढे कुठे पोचली, याचं एक उत्तर तिथे मिळतं.

परत निघण्याआधी फोनमध्ये एवढं टिपून ठेवा : यंदा पड कुठे, गहू कुठे. पुढच्या वर्षी त्याच महिन्यात जा. जिथे गहू होता तिथे वसंतातलं पीक असेल. आणि जिथे पड होती तिथे नोव्हेंबरात नवा गहू, त्याच्या कडेला नुकत्या ठोकलेल्या खुंट्या.